मोरजी-मांद्र्याच्या मुली आणि त्यांच्या परदेशी मैत्रिणी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

शाळेतली गाईड कंपनी, म्हणजे स्काउटांसारखीच मुलींची तुकडी, तुझ्याकडे आली हे ऐकून फार आनंद झाला. २२ फेब्रुवारीच्या, जगभरच्या गाईडांच्या चिंतन दिनाला मुलींकडून काय करून घेऊ, असं तू विचारलंस. फोनवर तुटक बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

देशोदेशींचे पोशाख घालून मुलींना स्टेजवर उभं करायची सूचना तुला कुणीतरी करेलच. करा, मुलींना हौस असते. पण किमोनो घातलेली मुलगी आपल्या गोव्यातल्या मांद्र्याचीच असते आणि समोर टाळ्या वाजवणारे तिचेच काका-मामा. दहा-बारा वर्षांच्या पोरीला बाहेरच्या जगाची खरी गोडी लागते ती पलीकडून कुणीतरी तिचं नाव घेऊन उत्तर दिलं की.

तुझ्या मुलींच्या बाबतीत तर मला हे जास्तच गरजेचं वाटतं. परदेशी माणूस त्यांना नवा नाही. कुणाच्या वडिलांचा किनाऱ्यावर खाण्यापिण्याचा शॅक, कुणाच्या घरात सीझनभर रशियन भाडेकरू, कुणाची आई गेस्ट हाऊसच्या खोल्या आवरते. चार रशियन शब्द त्या सहज बोलतात. पण त्यांना भेटलेला प्रत्येक परदेशी गिऱ्हाईक म्हणून भेटला आहे. नाहीतर मामा गल्फात, काका पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. म्हणजे परदेश ही पोटासाठी जायची जागा. आपल्याच वयाची, आपल्यासारखंच गाईडचं वचन घेतलेली, भांडता येईल आणि गुपित सांगता येईल अशी बरोबरीची मैत्रीण मात्र त्यांना तिकडे एकही नाही. बाय, ती त्यांना मिळवून दे. एवढं केलंस तरी मी म्हणेन, कंपनी चालवलीस.

चिंतन दिनाची गोष्ट मुलींना नीट सांग. १९२६ साली अमेरिकेतल्या जागतिक परिषदेत हा दिवस ठरला. स्काउट चळवळ सुरू करणारे लॉर्ड बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी लेडी बेडन-पॉवेल, दोघांचाही जन्म २२ फेब्रुवारीचा. पुढे १९३२ मध्ये पोलंडच्या परिषदेत बेल्जियमच्या प्रतिनिधीने सुचवलं की वाढदिवस आहे तर भेटही हवी. तेव्हापासून जगभरच्या मुली या दिवशी आपल्यातलं थोडंसं नाणं बाजूला काढतात आणि ते इतर देशांतल्या मुलींच्या कामी येतं. तुझ्या मुलींनाही रुपया-दोन रुपये टाकू दे, आणि ते स्वतःच्या खाऊतले असू देत. आपणही कुणाला देतो, हे त्यांना कळायला हवं.

मैत्रिणी मिळवायला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोक बिनतारी यंत्रावरून एकमेकांशी बोलतात त्याचा, मार्ग मला सगळ्यात आवडतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी स्काउट-गाईडांचा रेडिओवरचा मेळावा भरतो, १९५८ पासून. परवाना असलेला हॅम शोध, त्याला शाळेत बोलाव, आणि तो शेजारी बसलेला असताना मुलींना बोलू दे. व्हिडिओ कॉल सोपा आहे, पण रेडिओत वाट पाहावी लागते. आकाशातल्या वरच्या थरावरून परतलेला आवाज कधी स्पष्ट येतो, कधी बुडतो, आणि मग आपलं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगावं लागतं. आधी भूगोलही शिकवून घे. सकाळी दहाला आपण बसलो तर न्यूझीलंडमध्ये त्या दिवसांत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात आणि इंग्लंडच्या मुली अजून अंथरुणात असतात. आपल्या देशात बाराव्या वर्षापासून हॅमच्या परीक्षेला बसता येतं. एखादीला ती ओढ लागली तर तिला अडवू नकोस.

बोलायचं काय, हे मात्र पाठ करून घेऊ नकोस. ‘गोवा समुद्रकिनाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे’ हे वाक्य मुलींच्या तोंडी अजिबात नको, ते जाहिरातवाल्यांचं आहे. मोरजीच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात हे सांगू दे. चवथीला गणपतीवरच्या माटोळीत कुठली फळं-पानं बांधली, रानातून ती कुणी आणली, हे सांगू दे. आणि प्रत्येकीने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. इंग्रजीची त्यांना भीती वाटेल, म्हणून पहिली ओळख जपान किंवा इंडोनेशियासारख्या ठिकाणच्या कंपनीशी जुळव. तिथल्या मुलींनाही इंग्रजी शाळेतच शिकावं लागतं. दोन्हीकडून अडखळत बोलणं झालं की लाज आपोआप जाते.

सुरक्षेच्या बाबतीत कडक राहा. आडनाव, घरचा पत्ता, फोन नंबर, इन्स्टाग्राम काही द्यायचं नाही. पत्रं कंपनीच्या नावाने यावीत-जावीत, आणि बोलताना तू किंवा दुसरी मोठी बाई खोलीत हवीच. मुली कुरकुरतील. कुरकुरू देत.

मोठ्या मुलींना मात्र पुण्याला ने. आळंदी रस्त्यावरचं ‘संगम’ हे गाईडांचं जागतिक केंद्र १९६६ पासून आहे आणि देशोदेशीच्या तरुणी तिथे येऊन राहतात. गोवा एक्सप्रेस पुण्यावरूनच जाते. स्वित्झर्लंडचं ‘अवर शॅले’ हे असंच केंद्र आपल्या मुलींना परवडायचं नाही, पण पुणं परवडेल. शिवाय केंद्राच्या फाटकाबाहेर सगळा कारभार मराठीत! मंडईत भाव विचारायचा, रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा, तर त्या परदेशी ताईंना तुझ्या मुलींकडे वळावं लागेल. आपली भाषा कुणाच्या तरी उपयोगी पडते, हे शॅकवर नूडल्सची ऑर्डर घेताना त्यांना कधी उमगलं नसेल. आधी लिहून दिवस ठरव, अचानक जाऊ नकोस.

आयांचा विरोध होईल तो खर्चापेक्षा काळजीपोटी. त्यांची सभा शुक्रवारी ठेवू नकोस, तो म्हापशाच्या बाजाराचा दिवस. दुसरा कुठलाही वार कळव, मीही येते. मी कंपनी चालवत असताना ज्या मुली होत्या, त्यांतल्या दोघी-तिघी आता पेडण्यालाच राहतात, त्यांनाही बरोबर आणते.

तुझी,
आई