व्हिएतनामचा ई-व्हिसा आणि जाहिरातीतल्या साईट

संपादक महोदय,

सध्या आपल्याकडून व्हिएतनामला जाणारे खूप झालेत, त्यात रिटायर्ड मंडळी बरीच. ई-व्हिसा घरबसल्या निघतो हे खरंच चांगलंय, १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो, सरकारी फी एकदाच जायचं असेल तर २५ डॉलर आणि अनेकदा ये-जा करायची असेल तर ५०. पण गुगलवर सर्च केलं की वरती जाहिराती येतात, त्या साईट दिसायला अगदी सरकारीच, झेंडा बिंडा सगळं, आणि आमच्या शेजारच्या काका-काकूंकडून अशाच एका साईटने दुपटीहून जास्त पैसे उकळले, वर काकूंच्या नावात आडनाव दोनदा टाकलं. फोन उचलायला कोणी नाही. नाव पासपोर्टप्रमाणे नसेल तर विमानतळावर अडवतात आणि भरलेली सरकारी फीसुद्धा परत मिळत नाही, म्हणजे सगळा अर्ज पुन्हा नव्याने.

खऱ्या साईटचा पत्ता गव्ह डॉट व्हीएन असा संपतो, तेवढं बघितलं तरी पुरे. फॉर्म काही अवघड नाही, पासपोर्टच्या पानाचा स्वच्छ फोटो, चष्मा न लावलेला स्वतःचा फोटो, आणि कुठे उतरणार ते, हनोई, दा नांग की हो ची मिन्ह सिटी. पैसे भरायच्या आधी पासपोर्ट नंबर एकेक आकडा बोट ठेवून तपासावा, घाई करू नये.

आपल्या पेपरात सहलींच्या एवढ्या जाहिराती छापता, तर पर्यटन पुरवणीत दर आठवड्याला एकेका देशाच्या सरकारी व्हिसा साईटचा पत्ता आणि फी छापा ना, प्लीज.

– एक वाचक, ठाणे