गॅरेजमध्ये काय आहे ते सांगते

केनमोर, वॉशिंग्टन
१२ मे २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

एवढं रीतसर पत्र आलं म्हणजे पोरीने काहीतरी केलंय, हे आईने पहिल्याच ओळीला ओळखलं असणार. केलंय. सव्वा वर्ष तुम्हाला व्हिडिओ कॉलवर अख्खं घर दाखवलं, मागची टोमॅटोची रोपं दाखवली, पण गॅरेज कधी दाखवलं नाही. जावईबापूंची गाडी दोन हिवाळे बाहेर पावसात भिजली, कारण आत मी होडी बांधत होते. कयाक म्हणतात तिला. १७ फूट लांब, २१ इंच रुंद, एका माणसाची, लाकडाची.

फोनवर सांगितलं असतं तर आईने "पाण्यात?" एवढंच विचारून फोन बाबांकडे दिला असता, आणि बाबांनी "लाकूड कुठलं?" म्हणून सुरुवात केली असती. दोन्हींची उत्तरं लांब आहेत, म्हणून पत्र.

आधी बाबांचं. लाकूड इथलंच, वेस्टर्न रेड सीडर. आपल्या देवदाराशी त्याचं नातं नाही, नावावर जाऊ नका. वजनाला सागवानाच्या निम्म्याहून थोडंच जास्त, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ, पण सहजासहजी कुजत नाही. या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी याच झाडाचं खोड कोरून समुद्रात जायच्या होड्या करत आलेत. माझी पद्धत कोरायची नाही. १८ फुटी फळ्या आणल्या आणि टेबल सॉवर त्यांच्या पाव इंच जाड, पाऊण इंच रुंद पट्ट्या काढल्या. सॉचं पातं इंचाचा आठवा भाग जाड, म्हणजे तीन भागांतला एक भाग नुसता भुसा! बाबा, तो ढीग बघून तुम्ही मला घराबाहेर काढलं असतंत. मागच्या मार्चमध्ये आई रोज विचारायची, खोकला कसला गं, तो याच भुशाचा. मी "ॲलर्जी" म्हणाले, ते खोटं नव्हतं. या लाकडाच्या धुळीने दमासुद्धा होतो. त्यानंतर चांगला मास्क घेतला, आता खोकला नाही.

होडीचे आडवे छेद कागदावर छापून मिळतात. ते प्लायवूडवर चिकटवून साचे कापायचे आणि दर फुटाला एक असे सरळ तुळईवर उभे करायचे. लांबून बघितलं तर सुरमईचा काटा. मग त्यावर एकेक पट्टी वाकवत न्यायची. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला गोलवा असतो, दुसऱ्या कडेला पन्हळ. खालच्या पट्टीच्या पन्हळीत गोंदाची बारीक धार सोडायची, वरचीचा गोलवा त्यात बसवायचा, आणि गोंद वाळेपर्यंत हलू नये म्हणून प्रत्येक साच्यावर स्टेपलची पिन. रात्री जेवणं आटोपली की एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन, की झोप. एक बाजू पुढे गेली तर सगळी होडी तिकडे ओढली जाते. नंतर पिना उपटल्या, पण त्यांची भोकं राहिली. दर फुटावर बारीक ठिपक्यांची जोडरांग, बांगड्याच्या पाठीवर असते तशी. काहीजण ती लपवायला खूप खटपट करतात. मी राहू दिली.

चपट्या पट्ट्यांनी गोल आकार केला की तो गोल नसतो, त्याला धारा असतात. त्या रंध्याने उतरवाव्या लागतात. इथे मला आपलं मागचं दार आठवलं. दर जूनमध्ये फुगायचं आणि तुम्ही ते बिजागऱ्यांतून काढून ओटीवर आडवं टाकायचात. मला एकदाच रंधा दिला होतात, मी सातवीत असेन. "सुरुवातीला जोर पुढच्या हातावर, शेवटाला मागच्या हातावर, नाहीतर टोकं खाशील." मी दाराची टोकं खाल्लीच होती. होडीची नाही खाल्ली. उंचवटा डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला कळतो, म्हणून मी डोळे मिटून हात फिरवायची. तुमचा नातू म्हणायचा, आई होडीला झोपवतेय.

आता फजिती. लाकडावर फायबरग्लासचं कापड अंथरून त्यात इपॉक्सी जिरवतात, म्हणजे दोन द्रव कालवून केलेली, नंतर दगडासारखी घट्ट होणारी राळ. पांढरं कापड बघता बघता काचेसारखं होतं आणि खालचं लाकूड ओल्या विटेच्या रंगाचं उजळतं. तो क्षण बघायची मला इतकी घाई, की जुलैतल्या एका शनिवारी सकाळीच सुरू केलं, दार उघडं टाकून. ऊन आत आलं, लाकूड तापलं, त्याच्या पोटातली हवा फुगली आणि कापडाखालून बुडबुडे यायला लागले. मी रबरी पट्टीने ते दाबतेय, तोवर मागे मोठ्या डब्यात कालवून ठेवलेला साठा स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागला. डबा उचलून अंगणात ठेवला, तर त्याचं बूड वितळलेलं. हे काम ऊन उतरताना करायचं असतं, लाकूड थंड होत जाताना, म्हणजे ते हवा सोडण्याऐवजी इपॉक्सी आत ओढतं. कालवायचं तेही थोडं थोडं. सूचनापत्रात दोन्ही गोष्टी ठळक अक्षरांत होत्या! पुढचे तीन आठवडे पॉलिश पेपर. पुढच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा ढगाळ डाग अजून आहे.

खर्च विचारणार बाबा. सगळं धरून विकतच्या कयाकपेक्षा कमी, माझे तास धरले नाहीत तर. वजन साडेएकोणीस किलो. खांद्यावर टाकून एकटी नेते.

आई, आता तुझं.

हो, पाण्यात गेले. मागच्या मंगळवारी, लेक वॉशिंग्टनच्या उत्तर टोकाशी, पावसाच्या झिमझिमीत. जावईबापूंनी नारळ आणला होता, पण फोडायला दगड मिळाला नाही. घरी येऊन त्याची चटणी केली.

तू मला भाट्याच्या खाडीत घोट्यापलीकडे जाऊ दिलं नाहीस, त्याचा मला राग होता, आता तितका नाही. पण हे वाच. होडीत पुढे आणि मागे दोन बंद कप्पे आहेत, नुसत्या हवेचे. उलटली तरी बुडत नाही. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मी काठावरसुद्धा उभी राहत नाही. पाणी गार असतं, म्हणून त्याचा वेगळा पोशाख आहे. आणि उलटल्यावर काय करायचं ते गेल्या हिवाळ्यात स्विमिंग पूलमध्ये शिकले. डोकं खाली, पाय होडीत अडकलेले, होडीत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती झालर असते, ती बसायच्या भोकाच्या काठाला अडकवलेली असते, तिचा पट्टा ओढायचा आणि बाहेर. पहिल्या वेळी नाकात पाणी जाऊन रडले. सहाव्या वेळी रडले नाही. हे तुला सांगायचं नव्हतं, पण निम्मं सांगितलं की तू उरलेलं मनाने भरतेस, आणि ते नेहमी जास्त वाईट असतं.

एक गंमत. कयाक मुळात उत्तरेकडच्या इनुइट आणि अल्यूट लोकांची. तिकडे झाडं नाहीत, म्हणून वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं. मापं ज्याची होडी त्याच्याच अंगाची. ग्रीनलँडच्या कयाकची लांबी त्या माणसाच्या पसरलेल्या दोन हातांच्या तिप्पट, रुंदी कमरेएवढी आणि वर दोन मुठी. म्हणजे तीन वाव! आजी विहिरीचा दोर वावेने मोजायची, तसंच. माझी होडी तर नकाशावरून केलेली, पण परवा हात पसरून भिंतीवर खुणा केल्या. ५ फूट ४ इंच, तिप्पट १६ फूट. एका फुटाने चुकले.

तिकडच्या वल्ह्याचंही असंच. एक वाव आणि त्यात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा एक हात. अरुंद पात्याचं, एका अखंड लाकडातून तासलेलं. माझ्याकडे सीडरच्या दोन फळ्या उरल्यात. जुलैत तुम्ही याल, तेव्हा इथल्या संथ नदीत भाड्याने दोघांची रुंद कयाक मिळते, काठ दहा हातांवर. बसायचं की नाही ते इथे आल्यावर बघू. वल्ही मात्र मी करून ठेवणार.

तेव्हा आईने टेप धरावा आणि बाबांनी हात पसरावे. मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंत, सेंटिमीटरमध्ये. मग कोपर ते बोट. बाबांचा डावा खांदा अजून पुरता उघडत नसेल तर नुसती उंची कळवा, वाव आणि उंची जवळपास सारखीच असतात. मग टेप बाबांनी धरायचा. आई, तुझंही माप हवंय, फळ्या दोन आहेत.

तुमची,
मनू