पिकअप उंच करताना खालच्या सांध्यांचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

वाहनविषयक लेखांमध्ये उंच केलेल्या पिकअपची छायाचित्रे हल्ली वारंवार दिसतात. सोबतच्या मजकुरात खडकाळ वाटांचे आणि गाडीच्या रुबाबाचे वर्णन असते. परंतु गाडी तीन-चार इंच उचलल्यावर तिच्या सांध्यांवर काय ओढवते, याबद्दल सहसा चकार शब्द नसतो. सस्पेन्शन दुरुस्तीच्या व्यवसायात असल्यामुळे ते परिणाम माझ्या नेहमी पाहण्यात येतात, म्हणून हे पत्र.

सस्पेन्शन उंच केले की इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी (गाडीचा सांगाडा) वर जातात, चाके मात्र जमिनीवरच राहतात; त्यामुळे या दोहोंना जोडणारे बहुतेक भाग मूळच्या कोनापेक्षा अधिक तिरके होतात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत याचा पहिला फटका एक्सेलच्या सीव्ही जॉइंटला, म्हणजे चाक वळले तरी त्याला इंजिनची ताकद पोहोचवणाऱ्या सांध्याला, बसतो. सरळ रस्त्यावरही तो वाढलेल्या कोनात फिरत राहतो, त्यावरच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि बूट फाटतो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे उडालेले दिसले, तर त्याच वेळी बूट बदलून जॉइंट बहुधा वाचवता येतो. तसे न केल्यास आत धूळ व पाणी शिरते, पूर्ण वळण घेताना कट-कट आवाज येऊ लागतो आणि अखेर जॉइंट किंवा अख्खा एक्सेल बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सेलला ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि दुर्लक्षही त्याकडेच अधिक होते. या शाफ्टच्या टोकांना असलेला साधा क्रॉस जॉइंट कोनात फिरत असताना एका बाजूचा वेग स्थिर असला, तरी दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान असतील, तर एका जॉइंटचा हा चढउतार दुसरा भरून काढतो. पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि एक्सेल यांच्यामध्ये सरळ ठोकळा घातला की दोन्ही कोन वाढतात. पाट्यांना लांब शॅकल (त्यांना चासीशी जोडणारी झुलती कडी) लावली की एक्सेल किंचित फिरतो आणि कोनांमधली समानताच मोडते. मग ठरावीक वेगाला गाडी थरथरते, पण बरेच जण टायरचे बॅलन्सिंग करून घेतात आणि गाडी तशीच चालवतात. क्रॉसच्या टोपीभोवती लालसर भुकटी दिसली, तर आतले सुईसारखे बेअरिंग कोरडे पडून गंजू लागले आहे, असे खुशाल समजावे.

चाकाला सस्पेन्शनशी आणि स्टिअरिंगशी जोडणारे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, यांचीही झीज वाढलेल्या कोनामुळेच लवकर होते. ब्रेकचे मात्र वेगळे सांगायला हवे. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो चासी व एक्सेल यांच्यातील अंतरावरून भाराचा अंदाज घेतो. गाडी उंच करताना त्याची जोडणी नव्याने लावली नाही, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागची चाके कमी ब्रेक लावतात. माझ्या मते सर्वांत गंभीर बाब हीच आहे, कारण येथे प्रश्न सुट्या भागांच्या खर्चाचा राहत नाही.

शिवाय, दोन्ही चाके एकाच दांड्याने जोडलेल्या, म्हणजे अखंड एक्सेलच्या गाडीत नुसते सस्पेन्शन उचलून डिफरन्शियल (एक्सेलमधला गिअरचा फुगीर भाग) जमिनीपासून तसूभरही वर जात नाही. ते वर जाते ते टायरमुळे, आणि तेही टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मेच. केवळ दगड चुकवण्यासाठी गाडी उचलू पाहणाऱ्याला हे आधी माहीत असायला हवे.

गाडी उंच करण्याला माझा विरोध नाही. काम करणाऱ्या गॅरेजने शाफ्टचे कोन, व्हील अलाइनमेंटचे आकडे आणि ब्रेक व्हॉल्व्हची नवी जोडणी मालकाला लेखी द्यावी, हेडलाइटचा झोत पुन्हा खाली लावून द्यावा आणि थोड्या वापरानंतर पाटे एक्सेलला बांधणारे यू-बोल्ट परत आवळण्यासाठी गाडी बोलावून घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे. आपल्या दैनिकानेही यापुढे अशा गाडीचे छायाचित्र छापताना या तपासण्यांची चौकट सोबत द्यावी, ही विनंती.

आपला,
सस्पेन्शन दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक