एनकाउंटर म्हणजे मुडदा पाडणं नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत टेबलाभोवती बसून खेळायच्या फँटसी गेम्सवर लेख आला, बघून बरं वाटलं, पण त्यात 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे राक्षस मारायचा खेळ असं एका ओळीत उरकलंय. लेखकाला तरी काय बोलणार, आमचा शब्दच तसा आहे. या खेळात वाटेत जे काही समोर येतं त्याला एनकाउंटर म्हणतात, आणि आपल्याकडे पेपरात एनकाउंटर म्हटलं की कुणीतरी गेलाच. मी एकदा फोनवर "शनिवारी सहाला एनकाउंटर आहे, वेळेवर या" म्हणालो तर आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

मी कोथरूडला चार मित्रांना घेऊन हा खेळ चालवतो, म्हणजे मी डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा), बाकीचे एकेक पात्र घेतात आणि मी त्यांच्यासमोर प्रसंग मांडतो. सुरुवातीला माझीही समजूत तुमच्या लेखासारखीच होती. २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं, म्हणजे नवख्यांसाठीच्या पेटीतलं, अ‍ॅडव्हेंचर सुरूच होतं ते रस्त्यात आडवे पडलेले दोन मेलेले घोडे, अंगात काळ्या पिसांचे बाण, आणि झाडीत दबा धरून बसलेले चार गॉब्लिन (बुटके, लुटारू राक्षस) इथून. मी ते इंग्रजीत वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचतात तसं, एक जण मोबाईल बघत होता, मग मी डायरेक्ट म्हटलं चला, इनिशिएटिव्ह टाका, म्हणजे लढाईत आधी कोण ते ठरवायचा फासा. आमच्या विझार्डचे, म्हणजे जादूगाराचे, हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) आठ, एक बाण आठाचा बसला, तो आडवा. अर्ध्या तासात माझे चौघंही मित्र आडवे. पहिलाच दिवस!

घरी जाऊन हिशोब केला. त्या वेळच्या नियमांत एका गॉब्लिनचे ५० एक्सपी (अनुभवाचे गुण, यावरूनच लढाई किती अवघड ते ठरतं), चौघांचे २००, शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायचे म्हणजे ४००, आणि पहिल्या लेव्हलच्या चार खेळाडूंसाठी 'डेडली'ची, म्हणजे जीवघेण्या लढाईची, रेषा बरोबर ४०० लाच. आणि गंमत बघा, स्टार्टर सेटच्या त्या पुस्तकात गॉब्लिन जिंकण्याची शक्यता कमी आहे असं लिहिलंय. पण त्याच्याच पुढे अजून एक गोष्ट लिहिली होती जी मी घाईत वाचलीच नव्हती, की जिंकले तरी गॉब्लिन खेळाडूंना मारत नाहीत, बेशुद्ध सोडून देतात, खिसे आणि त्यांची सामानाची गाडी साफ करतात आणि आपल्या अड्ड्यावर जातात. आणि तिघं गॉब्लिन पडले तर चौथा पळायला बघतो. म्हणजे त्यांना माल पाहिजे, जीव नकोय. हे डोक्यात शिरलं आणि माझा अख्खा खेळ बदलला, कारण ज्याला काहीतरी पाहिजे असतं त्याच्याशी बोलता येतं, त्याला फसवता येतं, नाहीतर सरळ पैसे देऊन वाटेला लावता येतं.

आणि हे काही नवीन खूळ नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ चा. १९८१ च्या बेसिक नियमांत समोर कुणी आलं की त्याचा मूड काय आहे हे दोन फासे टाकून ठरवता यायचं. दोन आले तर लगेच हल्ला, बारा आले तर एकदम दोस्ती, सहा ते आठ म्हणजे त्याचं अजून ठरलेलं नाही. आता मोजा, दोन फाशांचे छत्तीस प्रकार, त्यात लगेच हल्ला फक्त एकदा आणि 'ठरलेलं नाही' सोळा वेळा! शिवाय तेव्हा बहुतेक एक्सपी खजिन्याचे मिळायचे, मारल्याचे किरकोळ, त्यामुळे शहाणा खेळाडू भांडण टाळूनच माल काढायचा. आता सांगा, राक्षस मारायचा खेळ कसा?

दुसरी गोष्ट मांडणीची, आणि ह्यात आपली भाषा कामाला येते. पुस्तकात चौकटीत लांबच लांब वर्णनं असतात, खोली किती बाय किती, भिंतीवर कसलं कोरीवकाम, आणि सगळ्यात शेवटी हळूच 'कोपऱ्यात एक ओगर (धिप्पाड राक्षस) आहे'. अहो, माणूस खोलीत शिरला तर आधी ओगर दिसेल की कोरीवकाम? मी आता वाचतच नाही, सांगतो. "वळणावर आलात. आधी वास येतो, मग माश्यांचा आवाज, मग दिसतात दोन घोडे. बाणांची पिसं काळी आहेत. झाडीत पक्षी एकदम गप्प झालेत. काय करता?" बस, एवढंच. रायगडाचा महादरवाजा आठवा, चढताना तो बुरुजांच्या आड असतो, जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तोवर वरच्यांनी तुम्हाला कधीच बघितलेलं असतं. कुणाला काय आधी दिसतं आणि काय उशिरा, एवढं नीट ठरवलं तरी अर्धं काम झालं. बाकी आवाज बदलून बोलणं वगैरे मला जमत नाही, माझे सगळे गॉब्लिन सदाशिव पेठेतल्यासारखे बोलतात, पोरांना चालतं.

लढाई नकोच असं माझं म्हणणं नाही हं, कधीकधी दणकून मारामारी पाहिजेच, नाहीतर फायटर घेतलेला मित्र रुसतो. पण त्या लढाईतही निघायला एखादी वाट ठेवायची आणि ती खेळाडूंना दिसेल अशी ठेवायची. माझ्या पहिल्या दिवशी ती पुस्तकात होती, टेबलावर नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी या खेळावर लेख छापायचा असेल तर लेखकाला एक शनिवार आमच्याकडे बसवा. गेल्या आठवड्यात त्याच चार गॉब्लिनांना आमच्या विझार्डने घोड्यांचं मांस अड्ड्यावर पोचवायला मदत करतो म्हणून पटवलं आणि एकही फासा न टाकता आमचे चौघं अड्ड्यात शिरले. आता बाहेर कसे येतात बघू.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे