टिपिकल डिटेल

उरण,
नारळी पौर्णिमा

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

चेन्नईच्या ऑफिसात तुला जॅकेटच्या कामावर घेतलं हे परवा फोनवर कळलं, तेव्हापासून आईने आळीभर सांगून झालं. जॅकेट म्हणजे कोट नव्हे, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचे पाय, हेही तिनेच सगळ्यांना समजावलं. पण बोलता बोलता तू म्हणालीस, "मेन मेंबर सीनिअर लोक बघतात बाबा, माझ्याकडे नुसते ब्रॅकेट नि क्लॅम्प. टिपिकल डिटेल, म्हणजे ठरलेला नमुना, म्हणून ड्रॉइंगवर टाकून द्यायचे." तुला बस पकडायची होती, म्हणून मी काही बोललो नाही. पण ते ‘टाकून द्यायचे’ काही डोक्यातून जाईना.

अलेक्झांडर किलँडचं नाव कॉलेजात एखाद्या लेक्चरला ऐकलं असशील. पाच खांबांवर तरंगणारी रिग. बांधली ड्रिलिंगसाठी, पण नॉर्थ सीमध्ये एकोफिस्क या तेलक्षेत्रात तिचा वापर कामगारांच्या राहण्यासाठी चालला होता. 27 मार्च 1980 च्या वादळी संध्याकाळी तिचा एक खांब तुटून निघाला. रिग तिरकी झाली आणि वीसेक मिनिटांत पूर्ण उलटली. 212 माणसं होती, 123 गेली. लाइफबोटी होत्या, पण वजन लटकत असताना त्यांचे हूक सुटेनात.

खांब तुटला तो कशाने? खांबांना जोडणाऱ्या नळ्या म्हणजे ब्रेस. त्यातल्या डी-6 नावाच्या ब्रेसला पाण्यातला आवाज टिपणारं एक यंत्र, हायड्रोफोन, बसवायचं होतं. त्यासाठी ब्रेसला भोक पाडून त्यात नळीचा एक तुकडा बसवला आणि भोवती 6 मिलिमीटरचं फिलेट वेल्ड, म्हणजे कोपऱ्यात भरलेलं वेल्ड, मारलं. ते वेल्ड धड नव्हतं. तिथून निघालेली चीर लाटांनी हळूहळू सरकत सरकत ब्रेसभर फिरली. ती ब्रेस तुटल्यावर तिचा भार बाकीच्यांवर आला आणि त्याही तुटल्या. ब्रेसचा हिशोब मोठमोठ्या लोकांनी केला असणार. नळीचा तुकडा मात्र कुणाच्या तरी टेबलावरून नुसता पुढे सरकला असेल, असं मला आपलं वाटतं.

चौकशीत त्या चिरेच्या आत रंग सापडला. म्हणजे रिग समुद्रात जाण्याआधी, यार्डात रंग मारतानाच, चीर तिथे होती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ताट बाजूला सारून उठलो होतो. का, ते तुला कधी सांगितलं नाही.

मी नवा वेल्डर असतानाची गोष्ट. आमच्या यार्डात एका जॅकेटचं काम चाललं होतं. पावसाळ्याआधी ते बार्जवर चढून समुद्रात बसलंच पाहिजे, नाहीतर मोसम गेला, म्हणून सगळे उलटे टांगलेले. मचाण बांधायला आधार हवा होता, तर मी एका ब्रेसवर हातभर पट्टी वेल्ड करून टाकली. ड्रॉइंगमध्ये नाही, प्रीहीट म्हणजे आधी लोखंड तापवणं, तेही नाही, आणि वेल्डिंगची रॉड ओव्हनमधून काढून सकाळपासून तशीच दमट हवेत पडलेली. मचाण उतरल्यावर पट्टी गॅसने कापून वरचा खुंट ग्राइंड करायचा असतो. मी घण घातला. पट्टी पडली, पण जाताना ब्रेसचा लचका घेऊन गेली. वरवर ग्राइंडर फिरवला, रंगवाल्याने रंग मारला, आणि चकाचक.

पुढच्या आठवड्यात सर्व्हेअर आला. बारीक आवाजाचा, कधी ओरडायचा नाही. कडेने चालता चालता त्याने त्या जागेवर हात ठेवला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटांना काय लागलं कोण जाणे. रंग खरवडायला लावला. पांढरा स्प्रे मारला, चुंबकाचा योक लावला, वरून काळी शाई सोडली. आणि साखरेला मुंग्यांची रांग लागावी तशी एक काळी रेघ उमटली, चिरेची. चांगली तीन बोटं लांब. तो एवढंच म्हणाला, "ही तुम्ही समुद्रात पाठवत होता." दुरुस्तीत दोन पाळ्या गेल्या. फोरमनने जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आकाशकंदिलाची तार पक्कड नसली की तू पुढेमागे वाकवून तोडायचीस आणि तुटलेलं टोक माझ्या गालाला लावायचीस, कसं गरम झालंय बघा म्हणून. तू म्हणशील, बाबा, ती फटीग, म्हणजे वाकून वाकून धातू थकणं, वेगळी, ती पाचपन्नास वळशांची. कबूल. मग दुसरी धर. सहा सेकंदाला एक लाट. दिवसाला 14,400. वर्षाला 52 लाखांच्या वर. प्लॅटफॉर्म पंचवीस वर्षं उभा राहायचा तर 13 कोटी. प्रत्येक लाट ब्रेसला केसभर वाकवते नि सोडते. सरळ गुळगुळीत नळी ते सोसते. पण जिथे वेल्डचा काठ नळीला टेकतो, त्या टोला सगळा ताण गोळा होतो. तुझा ब्रॅकेट चार किलोची केबल धरतो की चाळीस किलोची, याचं ब्रेसला काहीच नाही. तो तिच्या अंगावर कुठे आणि कसा चिकटलाय, एवढंच तिला कळतं.

रागावून लिहीत नाहीये. चूक माझ्या हातून झाली होती, तुझ्या हातून अजून काहीच झालेलं नाही.

आज कोळीवाड्यात नारळ सोडायला गर्दी होती, होड्या सगळ्या रंगवून तयार. नारळीभात केला होता, तुझ्या वाटणीचा शेजारच्या पोरांनी संपवला. आई सुकटीचा डबा पाठवते आहे, ऑफिसात उघडू नकोस.

आणि कंपनीचं ड्रॉइंग मला पाठवू नकोस, ते बरं नाही. नुसतं एवढं लिही, ब्रॅकेट नोडपासून, म्हणजे नळ्या जुळतात त्या सांध्यापासून, किती लांब आहे, स्प्लॅश झोनमध्ये, लाटा आपटतात त्या पट्ट्यात, येतो का, सरळ ब्रेसवर वेल्ड आहे की क्लॅम्पने धरलाय, आणि वेल्ड असेल तर किती मिलिमीटर.

तुझा,
बाबा