टकटक करणारी हार्ड डिस्क उघडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या महाल भागात गेली ३८ वर्षे मी घड्याळे दुरुस्त करतो. चाबीची, ऑटोमॅटिक, भिंतीवरची लंबकाची, सगळी. मनगटी घड्याळात बॅलन्सच्या दांडीचे टोक साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते. ते वाकले तर डोळ्याला भिंग लावून मी ते सरळ करतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झाले ते या हातांवरच्या भरवशामुळे झाले. असे हात असलेली माणसे नागपुरात गल्लोगल्ली आहेत. मोबाइलवाले, मिक्सर-पंखेवाले, टीव्हीचे जुने मेकॅनिक. हे पत्र त्यांनी वाचावे असे मला फार वाटते.

माझ्या आईला भुलाबाईची शंभरेक गाणी पाठ होती. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आमच्या वाड्यात पोरी जमायच्या, गाणी संपली की खिरापत ओळखायची. पुढे वाडा रिकामा होत गेला, तरी आई एकटी गुणगुणायची. २०१६ ते २०१९ या काळात माझ्या मुलीने तिच्याजवळ बसून ती गाणी मोबाइलवर रेकॉर्ड केली. आई गाता गाता थांबायची आणि सांगायची, "हे कडवं माह्या मायच्या गावचं हाय, इकडं कोणी म्हनत नाही." २०२१ मध्ये आई गेली. मुलीने मोबाइल बदलला तेव्हा सगळी गाणी १ टीबीच्या एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर टाकली. दुसरी प्रत नव्हती. ती करून ठेवायला हवी होती, हे आज आम्हा दोघांनाही रोज टोचते.

मागच्या मे महिन्यात ती डिस्क चालू असतानाच टेबलावरून पडली. जेमतेम अडीच फूट. पुन्हा जोडली तर टक, टक, टक, मग शांतता, मग परत टक, टक. आवाजावरून बिघाड ओळखणे हे माझे रोजचे काम. जुन्या चाबीच्या घड्याळात सेकंदाला ५ ठोके पडतात आणि त्यातला एक लंगडा पडला तरी मला कळतो. हा आवाजही कळेल असे वाटले. त्या संध्याकाळी मी ती डिस्क वीस-पंचवीस वेळा तरी लावली असेल, काढली असेल.

त्या आवाजाचा अर्थ मला फार उशिरा समजला. अशा डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावर वाचणारे हेड हवेच्या पातळ थरावर तरंगत असते, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड, आणि १ मायक्रॉन म्हणजे १,००० नॅनोमीटर. त्या फटीत धुळीचा कण म्हणजे रस्त्यातला धोंडा. तबकडीवर कारखान्यातच खुणा आखलेल्या असतात, त्या वाचून हेड आपली जागा ओळखते. हेड दुखावले की खुणा सापडत नाहीत. मग हेडचा हात टोकापर्यंत जाऊन आपटतो, मागे येतो, पुन्हा शोधायला जातो. टकटक ती हीच. दर खेपेला मोडके हेड फिरत्या तबकडीवरून जात असते. मी ऐकत बसलो होतो तेव्हा आत हे चालले होते.

शेजारच्या मोबाइल दुकानातला मुलगा चांगल्या मनाने म्हणाला, "मामाजी, पन्नीत बांधून रातभर फ्रीजरमधी ठेवा, सकाळी चालू होते." ही युक्ती फार वर्षांपासून तोंडोतोंडी फिरते आहे. मीही ऐकली. पण आपल्या मे महिन्याचा विचार कुणी केला? घरात कूलर चालू, हवा ओलसर. सकाळी पन्नी सोडली आणि गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटते तसे डिस्कला पाणी सुटले. डिस्कला बारीक छिद्र असते. आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते गाळणी लावून ठेवलेले असते, आणि दमट हवा तिथूनही आत जाते. मी बाहेरचे पाणी पुसले आणि डिस्क लगेच जोडली. टकटक तशीच.

मग मी ती उघडली. टेबल ओल्या फडक्याने पुसले, पंखा-कूलर बंद केला, हात धुतले. चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू काढले, एक स्टिकरखाली लपवलेला होता तोही शोधून काढला. आत तबकडी आरशासारखी लखलखत होती. खरे सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. इतके नेटके काम क्वचित बघायला मिळते. हेडचा हात तबकडीच्या मधोमध पडलेला होता आणि बाजूला त्याची विसाव्याची उतरण रिकामी दिसत होती. चिमट्याने तो हळूच उचलून मी उतरणीवर ठेवला. शेवटी सवयीने रबरी फुग्याने फुंकर मारली, जशी घड्याळ बंद करताना मारतो. झाकण लावले. डिस्क मिनिटभर फिरली, मग खर्रर्र असा खरवडल्याचा आवाज आला आणि संगणकाला ती पुन्हा कधी दिसली नाही.

अशी डिस्क जिथे उघडतात त्या खोलीच्या एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण १०० पेक्षा जास्त चालत नाहीत. माझ्या दुकानात सकाळी पुसलेल्या काचेवर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. घड्याळ हे सहन करते. कण अडकला की थांबते, कण काढला की चालते, चाक झिजले तर दुसरे चाक बसते. डिस्कमध्ये तबकडीवरून जी काळसर पूड निघाली, तीच आईची गाणी होती. ती बदलून कुठून आणणार?

नंतर डिस्क बिघडलेल्या डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. त्यांनी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कमधून हेड काढून बसवून पाहिले. तबकडीवर गोल चर पडली आहे, काही वाचता येत नाही, असे कळवले. फोनवरचा मुलगा समजूतदार होता. म्हणाला, "काका, टकटक ऐकल्याबरोबर बंद करून तशीच पाठवली असती तर प्रयत्नाला जागा होती." हमी त्याने त्या वेळचीही दिली नाही. पण ती जागा मी माझ्या हातांनी घालवली, हे खरे.

दुरुस्ती करू नका असे माझ्यासारख्याने सांगणे मलाच जड जाते. जे घरी होते ते जरूर करावे. वायर बदलून पाहा, दुसऱ्या पोर्टला लावा, अ‍ॅडॉप्टर तपासा. डिस्क आवाज न करता फिरते, संगणकाला दिसते, पण अडखळते, तर आधी तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या. लिनक्सवर (विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली) डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो खराब जागा सोडून पुढे जातो आणि नंतर तिथे परत येतो. नक्कल हातात येईपर्यंत चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम) किंवा फॉरमॅट चालवू नका, ते त्याच आजारी तबकडीवर नवे लिहितात. खालचे सर्किट बोर्ड बदला, असाही सल्ला मिळतो. त्या बोर्डवर प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळवणी साठवलेली चिप असते, ती हलवल्याशिवाय त्याच मॉडेलचा दुसरा बोर्डही बहुधा चालत नाही. आणि आवाज टकटकीचा, खरवडल्याचा किंवा अडकलेल्या मोटरच्या बीपसारखा असेल तर वीज काढा. एकदाही पुन्हा लावून पाहू नका.

सीताबर्डीपासून आमच्या महालापर्यंतच्या विक्रेत्यांना माझी एक विनंती आहे. डिस्क विकताना तुम्ही "३ वर्षं वॉरंटी" म्हणता. गिऱ्हाईक समजते की आतले फोटोही त्यात आले. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतला मजकूर मिळत नाही. हे वाक्य बिलावर मराठीत छापा. शक्य असेल तर त्याखाली "आवाज आल्यास त्वरित बंद करा" एवढेही छापा. दोन ओळींची शाई लागेल. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या पोरांना तर पहिल्याच वर्षी एक निकामी डिस्क उघडून दाखवावी. आत काय असते ते पाहिले की फुंकर मारायची हिंमत होणार नाही.

भाच्याच्या जुन्या मोबाइलमध्ये आईची चार गाणी सापडली. बाकीची कुठेतरी असावीत अशी आशा सुटत नाही. १९८०-९० च्या सुमारास महालात आमच्या वाड्यात भुलाबाईला येणाऱ्या पोरी आज पन्नाशी-साठीच्या असतील. त्यांच्यापैकी कुणी तेव्हा टेपरेकॉर्डर आणला असेल, कुणाच्या माळ्यावर एखादी कॅसेट पडून असेल, तर कृपया कळवावे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. कॅसेटची फीत गुंतलेली, तुटलेली असली तरी चालेल, ती मला सोडवता आणि जोडता येते.

आपला नम्र,
एक घड्याळ दुरुस्त करणारा,
महाल, नागपूर