मा. क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : मिस्त्रींची कालनिर्णयं

मा. क्रीडामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

माझे बाबा गेल्या मार्गशीर्षात गेले. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ते बोटींच्या इंजिनांची कामं करत, म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. संध्याकाळी हेच मिस्त्री भाट्याच्या वाळूवर पोरांना फुटबॉल शिकवत. १९९८ पासून, एक पैसा न घेता. ते गेल्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवलं, मरणोत्तर पुरस्कारासाठी अर्ज कर, सोबत प्रमाणपत्रं जोड. मी कपाट उपसलं. प्रमाणपत्र एकही निघालं नाही. निघणार तरी कुठून? शाळेच्या संघाच्या अर्जावर मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव असायचं, बाबा कुठल्या शाळेचे नोकर नव्हते. सामना सुरू झाला की ते दोरीच्या बाहेर, बघ्यांमध्ये, छत्री धरून उभे.

निघाली ती जुनी कालनिर्णयं. एकोणीस वर्षांची, सुतळीने बांधून ठेवलेली. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने वेळ लिहिलेली.

ही पेन्सिलीची भानगड तुम्हाला सांगायला हवी, कारण पत्र त्यासाठीच आहे. आमचं मैदान म्हणजे ओहोटीची ओली वाळू. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जागा आहे, पण कातळावर पडलं की गुडघ्याचं सालटं निघतं, म्हणून बाबा तिथे कुणाला खेळू देत नसत. ओली वाळू मात्र घट्ट असते, चेंडू सरळ धावतो. फक्त ती रोज वेगळ्या वेळेला मिळते. दर्यावर्दी माणसाचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी पार केवड्यापर्यंत आलेलं. त्या दिवशी सुट्टी. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर, त्यामुळे संध्याकाळी समुद्र लांब गेलेला आणि अख्खा किनारा आमचा. आमची पोरं पाढ्यांआधी पाऊणकी शिकली. मी दहावीत असताना आई म्हणाली, आता पुरे झाला फुटबॉल. बाबांनी कालनिर्णय उघडून तोडगा काढला: सप्तमी ते दशमी अभ्यास, बाकी दिवस गोलकीपर. मी पास झाले, बऱ्यापैकी मार्कांनी.

आता तुमचं वेळापत्रक. शालेय फुटबॉलचे जिल्ह्याचे सामने आमच्याकडे बहुधा जुलै-ऑगस्टात उरकले जातात. आषाढात भाट्याचा किनारा कसा असतो ते एकदा बघा. लाटा वाळू ओढून नेतात, ओहोटीलाही पाण्याजवळ जायची सोय नाही. म्हणजे ऑक्टोबर ते मे आम्ही सराव करायचा, जूनमध्ये घरी बसायचं आणि पाय आखडले की परीक्षेला उतरायचं. वर १ जूनपासून मासेमारी बंद होते, सगळ्या बोटी वर ओढलेल्या, इंजिनं खोललेली. मिस्त्रीच्या कमाईचे तेच दोन महिने. दर पावसाळ्यात बाबा दोन-चार दिवसांची मजुरी सोडून पोरांबरोबर जायचे. हे आईने मला आत्ता सांगितलं.

एकदा आमचा संघ विभागापर्यंत पोचला. रत्नागिरी जिल्हा खेळाच्या बाबतीत कोल्हापूर विभागात येतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कोल्हापूर! जिथे तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, जिथला अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आंबा घाट चढून गेलो आणि नऊ गोल खाऊन आलो. परतताना साखरप्याला चहासाठी थांबलो. पोरं माना खाली घालून बसलेली. बाबांनी स्कोअरचा विषयच काढला नाही. म्हणाले, "पाणी कुठून जात होतं बघितलंत काय? कडेने चर होता, वीतभर खोल." सामना चालू असताना हा माणूस मैदानाचा निचरा बघत होता. मला तेव्हा राग आला होता.

२०१७ चीच आणखी एक गोष्ट. विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळला गेला, सरकारने चेंडू दिले. जवळच्या एका शाळेत फोटो काढून झाल्यावर ते कपाटात गेले. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद, फुटला तर जबाबदार कोण? बाबा दोनदा मागायला गेले, मग जाणं सोडून दिलं आणि आमचे जुनेच चेंडू जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने शिवत बसले. पण विश्वचषकाचा सामना त्यांनी सगळ्या पोरांना आमच्या पडवीत बसवून दाखवला. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने भारताचा पहिलावहिला गोल केला, घर डोक्यावर घेतलं आम्ही. मिनिटभरात कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली. बाबा शांतपणे म्हणाले, "म्हणून सांगतो, गोल झाला की नाचायच्या आधी मागे बघा."

तर मंत्रीमहोदय, पुरस्काराचा अर्ज मी केलेला नाही, करणारही नाही. सुब्रतो चषकाचं, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेचं, गणित दिल्लीला बांधलेलं आहे, ते तुमच्या हातात नाही, हे कळतं मला. पण राज्याच्या शालेय स्पर्धांचं वेळापत्रक तुमच्या खात्यात ठरतं. किनारपट्टीच्या तालुक्यांचे आणि जिल्ह्यांचे फुटबॉलचे सामने दसऱ्यानंतर घ्या. ते जमणार नसेल तर रत्नागिरीत एक तरी मैदान असं द्या, ज्याच्या कडेने वीतभर खोल चर असेल आणि जे पोरांसाठी जूनमध्येही उघडं राहील. प्रेक्षागृह नको, कमान नको, बाबांचं नाव तर नकोच. आणि अर्जावर गावातल्या शिकवणाऱ्या माणसासाठी एक रकाना ठेवा. सरांच्या नावाखाली चालेल.

सराव बंद पडलेला नाही. मी आणि बाबांच्या हाताखाली शिकलेली दोन पोरं, आता बाप झालेली, मिळून घेतो. या वर्षीच्या कालनिर्णयावर पेन्सिल माझी आहे.

तुम्ही कोकणात येताच. एकदा भाट्याला या, पण पौर्णिमा किंवा अमावस्या बघून, संध्याकाळी साडेपाचला. अष्टमीला आलात तर मैदान पाण्याखाली असेल.

आपली नम्र,
मिस्त्रींची मुलगी
रत्नागिरी